मेणबत्ती की साबण, मिठाची कणीक की कॉर्नफ्लोअर: हिवाळी सुट्ट्यांसाठी हातच्या भेटी आणि घराची सजावट

हातानं काही करून द्यायचं ठरलं की पहिली शंका येते ती "मला जमेल का?" ही. इथे घेतलेल्या वस्तू जवळजवळ सगळ्यांना जमतात. घोळ होतो तो वाळायला, मुरायला आणि घट्ट व्हायला लागणाऱ्या वेळेचा हिशेब न केल्यानं. सोया मेणाची मेणबत्ती तासाभरात ओतून होते, पण तिचा वास खुलायला एक-दोन आठवडे जातात. म्हणून आधी कॅलेंडर बघा आणि मग सामान आणा.

मेणबत्ती की साबण

भेट म्हणून सर्वात जास्त विचार याच दोघांचा होतो. दोन्ही वितळवून ओतायच्या वस्तू, दोन्हींना सुगंध आणि दोन्ही बरणीत किंवा कागदात छान दिसतात. फरक कळतो तो दिल्यानंतर. साबण थोडा बिघडला तरी तो साबणच राहतो; फार तर दिसायला ओबडधोबड असतो. मेणबत्ती बिघडली तर ती विझते, काजळी धरते किंवा काच तडकवते, आणि हे सगळं दुसऱ्याच्या घरात घडतं. तेव्हा पहिल्यांदाच करत असाल आणि एक तरी मेणबत्ती स्वतः जाळून बघायला वेळ नसेल, तर साबणच करा.

मेणबत्तीचं माप आधी समजून घ्या. मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे २०० मिलीची बरणी १८० मिलीपर्यंत भरायची असेल तर साधारण १६० ग्रॅम सोया मेण लागतं. सुगंधी तेल मेणाच्या वजनाच्या ६ टक्के, म्हणजे इथे जेमतेम १० ग्रॅम. ते चमच्यानं न मोजता डिजिटल काट्यावर मोजावं. जास्त तेल घातल्यानं वास वाढत नाही. मेण ते धरून ठेवत नाही, तेल वर घाम आल्यासारखं जमतं आणि वात धूर करायला लागते. अंगाला लावायचं परफ्यूम किंवा स्प्रे तर अजिबात नको. त्यातलं अल्कोहोल पेट घेतं. रंगासाठी मुलांचे मेणखडू वितळवायची युक्ती बरीच फिरते, पण त्यातला रंग वातीत अडकतो आणि ज्योत मंदावत जाते.

पातेल्यात पाणी गरम करा, त्यात दुसरं भांडं ठेवून मेण वितळवा आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास न्या. तेल घालून दोन मिनिटं सावकाश ढवळा, ६० अंशांच्या जवळ उतरू द्या आणि मग ओता. बरणी आधी कोमट करून ठेवा. गार काचेवर गरम मेण पडलं की ते काचेपासून सुटतं आणि ओलसर दिसणारे डाग राहतात. वरच्या थरावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उठते, तो सोया मेणाचा स्वभावच आहे. जळण्यात काही फरक पडत नाही. मेण थेट आचेवर कधीच ठेवू नये, आणि मेणानं पेट घेतलाच तर पाणी न ओतता आच बंद करून वर झाकण ठेवावं.

खरी परीक्षा वातीची. सात सेंटिमीटर व्यासाच्या बरणीत ज्योत लावल्यापासून सुमारे तीन तासांत मेण काठापर्यंत वितळायला हवं. मध्येच खड्डा पडत गेला तर वात बारीक आहे. ज्योत उंच नाचत असेल, वातीच्या टोकावर काळा गोळा धरत असेल आणि काच काळवंडत असेल, तर वात जाड आहे. हे तेलावर, मेणावर आणि बरणीवर अवलंबून असल्यानं पाकिटावरचा तक्ता फक्त सुरुवात म्हणून घ्यावा. मेणबत्ती दुसऱ्या दिवशी जळते, पण सुगंध हवा असेल तर झाकण लावून एक ते दोन आठवडे ठेवा. चिठ्ठीवर दोनच सूचना लिहा: पहिल्यांदा लावाल तेव्हा मेण काठाला पोचेपर्यंत विझवू नका, आणि दर वेळी वात पाच-सहा मिलिमीटरवर कापा.

दिवस कमी आहेत आणि तरी मेणबत्तीच द्यायची आहे? मग मधमाशीच्या मेणाचे पत्रे आणा. सुमारे २० × ४० सेंटिमीटरचा एक पत्रा, त्याच्या २० सेंटिमीटरच्या कडेवर वात ठेवून घट्ट गुंडाळला की सव्वादोन सेंटिमीटर जाडीची उंच मेणबत्ती तयार. आच नाही, तेल नाही, मुरवणं नाही. पत्रा गार असेल तर गुंडाळताना तडे जातात. हेअर ड्रायरनं क्षणभर ऊब द्या, लगेच वळतो. पहिलाच वेढा सैल राहिला तर मध्ये पोकळी राहते आणि मेणबत्ती भराभर ओघळते, म्हणून सारं लक्ष त्या पहिल्या वेढ्यावर.

साबणाचं गणित सोपं आहे, पण इथे बोलतोय ते तयार सोप बेस वितळवून केलेल्या साबणाबद्दल. कॉस्टिक सोड्यापासून केलेल्या साबणाला मुरायला चार ते सहा आठवडे लागतात; त्याचा विचार सुट्ट्यांच्या तोंडावर करण्यात अर्थ नाही. ५०० ग्रॅम बेसचे दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. मायक्रोवेव्हमध्ये आधी ३० सेकंद आणि मग दहा-दहा सेकंद, मध्ये ढवळत वितळवा. उकळी येऊ देऊ नका. उकळला की त्यातलं पाणी उडतं आणि साबण रबरासारखा चिवट होतो. ५० अंशांच्या आसपास आला की त्वचेला चालणारं सुगंधी तेल १० ग्रॅम आणि रंगासाठी अर्धा चमचा मायका (अभ्रकाची रंगीत) पावडर. एवढ्यात १०० ग्रॅमच्या पाच वड्या होतात. वर आलेले बुडबुडे रबिंग अल्कोहोलच्या (जखम पुसायला वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) एका फवाऱ्यानं फुटतात; दोन रंगांचे थर द्यायचे असतील तर थरांमध्येही तोच फवारा मारा, नाहीतर वापरताना थर सुटे होतात. चार-सहा तासांत वड्या निघतात.

चुका ठरलेल्या आहेत. ताज्या पाकळ्या घातल्या की त्या काही दिवसांत तपकिरी पडतात. रंग टिकवून ठेवणारी जवळपास एकच, कॅलेंड्युलाची, म्हणजे झेंडूसारख्या दिसणाऱ्या केशरी फुलाची, वाळलेली पाकळी. ताजी फळं किंवा दूध घातलं तर बुरशी येते. ओट्सचा रवा तळाला बसला तर समजा की बेस फार गरम असताना ओतला. दालचिनी आणि लवंगेचं तेल हिवाळी वासासाठी मोह पाडतं, पण त्वचेला झोंबतं. ते मेणबत्तीत वापरा. वड्या काढल्यावर उघड्या ठेवल्या तर बेसमधलं ग्लिसरीन हवेतला दमटपणा ओढतं आणि वर थेंब जमतात. म्हणून कागदी वेष्टनाआधी प्लॅस्टिक फिल्मची घट्ट गुंडाळी हवीच. हातात चार दिवस असतील, त्यात पार्सल करायचं असेल, तर साबणाला तोड नाही.

लटकन: मिठाची कणीक की कॉर्नफ्लोअरची माती

दोन्ही स्वयंपाकघरातल्या जिनसांतून होतात, म्हणून एकीऐवजी दुसरी चालेल असं वाटतं. दिसायला आणि वागायला त्या अगदी वेगळ्या.

मिठाची कणीक म्हणजे दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ आणि पाऊण ते एक कप पाणी. पाणी थोडं थोडं घालत आठ-दहा मिनिटं मळा. सहा मिलिमीटर जाड लाटा, कापा, दोरीसाठी स्ट्रॉनं भोक पाडा आणि ११० अंशांवर दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून, भाजा. घाईनं १५० अंश केलं की वरची साय आधी कडक होते, आतली वाफ अडकते आणि फुगे येतात. सेल्फ रेझिंग मैदा तर मुळात फुगण्यासाठीच असतो, तो घेऊ नका. रंग वाळल्यावर दोन्ही बाजूंना, कडांना आणि भोकाच्या आतही व्हार्निशचे दोन हात द्या, नाहीतर मीठ पाणी ओढून घेतं आणि पुढच्या वर्षी लटकन मऊ पडलेलं सापडतं.

कॉर्नफ्लोअरच्या मातीला एक कप कॉर्नफ्लोअर, दोन कप खाण्याचा सोडा आणि सव्वा कप पाणी. मध्यम आचेवर सतत ढवळा. पाच-आठ मिनिटांत मिश्रण अचानक दाटतं. भांड्याच्या कडा सोडू लागलं की लगेच उतरवा. आणखी दोन मिनिटं ठेवलं तर गार झाल्यावर भुगा होतो. ओल्या फडक्याखाली गार करा, मळा, पाच मिलिमीटर लाटा. सोड्याऐवजी चुकून बेकिंग पावडर घेतली तर त्यातल्या आम्लामुळे सगळं फसफसतं आणि वाया जातं. जाळीवर, सावलीत, दर काही तासांनी उलटत एक ते दोन दिवस वाळवा. उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलं की कडा वळतात आणि तडे जातात.

पांढरी शुभ्र, गुळगुळीत आणि पानाची शीरन् शीर उमटवणारी ती ही दुसरी माती. रबरी शिक्का, लेसचा तुकडा, बाळाच्या बोटांचे ठसे यांसाठी तीच घ्यावी. पण पातळ टोकं पटकन मोडतात. चांदणीच्या कोपऱ्यांवर पार्सलचा धक्का बसला की संपलं. पाठवायची असेल तर गोल किंवा लंबगोल आकार निवडा. मुलांच्या हातात द्यायला, टणक वापराला, जाड आकारांना मिठाची कणीक बरी. घरात कुत्रा असेल तर मात्र कणकेची लटकनं खाली टांगू नका. इतकं मीठ त्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

विणलेला मफलर

याबद्दल एकच हिशेब पुरे. १८ सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब मफलर जाड लोकर आणि ८ मिलिमीटरच्या सुयांवर सुमारे २० टाके आणि २२५ ओळींचा होतो, म्हणजे ४,५०० टाके. तोच मध्यम लोकरीत ४० टाके आणि ४२० ओळी, म्हणजे १६,८०० टाके. जवळजवळ चौपट. नवख्या हातानं जाड लोकर घ्यावी, एका वर्षी एकच मफलर करावा.

खाण्याच्या भेटी

बरणीतलं कुकी मिश्रण छायाचित्रात देखणं दिसतं. एक लिटरच्या बरणीत तळाला दोन कप मैदा, त्यातच मिसळलेला एक चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ. वर अर्धा कप साखर, अर्धा कप ब्राउन शुगर आणि एक कप चॉकलेट चिप्स. प्रत्येक थर चमच्यानं दाबला नाही तर वाटेत सगळं एकत्र होतं. अडचण वेगळीच आहे: घेणाऱ्याकडे ओव्हन हवा, लोणी-अंडं हवं आणि उत्साहही हवा. सुट्टीत कोणाला कामाला लावायचं नसेल तर कोको मिश्रण बरं. एक कप साखर न घातलेली कोको पावडर, एक कप पिठीसाखर, दोन कप दूध पावडर, चिमूटभर मीठ, दोनदा चाळून. २०० मिली गरम पाण्यात तीन मोठे चमचे. कोको गुठळ्या धरतो, म्हणून चाळणं टाळू नका आणि "आधी थोड्या पाण्यात कालवा" हे चिठ्ठीवर लिहा. बरणी आणि चमचा हाडासारखे कोरडे हवेत. दोन्हींवर घटक आणि केल्याची तारीख असू द्या. दूध, गहू, सुकामेवा कोणाला चालत नाही हे देणाऱ्याला नेहमी ठाऊक नसतं.

लसूण किंवा ताज्या पाल्याचं तेल बाटलीत भरून देण्याची कल्पना मात्र सोडून द्या. ओला पाला आणि हवा न लागणारं तेल खोलीच्या तापमानाला एकत्र राहिलं की त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाही.

घरासाठी: संत्र्याची माळ, कागदी तारा, हिरव्या फांद्या

वेळ अर्धा तास असेल तर तारा. सपाट तळाच्या सात ते नऊ कागदी पिशव्या घ्या. प्रत्येकीच्या तळाच्या कडेला आडवी आणि मधून वर उभी अशी गोंदाची रेघ ओढून एकमेकींवर चिकटवा, मोकळी टोकं कातरून टोकदार करा, मग पहिली आणि शेवटची ओढून जोडा. पातळ गोंदानं कागद सुरकुततो, ग्लू स्टिक वापरा. तारा पूर्ण गोल उघडत नसेल तर आणखी एक पिशवी लावा. घडी करून तो पुढच्या वर्षी परत टांगता येतो, आणि व्यास पिशवीच्या उंचीच्या दुप्पट असल्यानं रिकाम्या भिंतीवर इतका परिणाम दुसऱ्या कशानं होत नाही.

संत्र्याच्या चकत्या सहा मिलिमीटरच्या हव्यात. तीनच्या असतील तर वळून जाळीला चिकटतात, नऊच्या असतील तर आतून ओल्या राहतात आणि पंधरवड्यात बुरशी धरतात. कापडानं टिपून, जाळीवर, ९५ ते १०० अंशांवर तीन ते चार तास, दर पाऊण तासानं उलटत. १२० च्या वर गेलं की साखर करपते आणि केशरी रंग तपकिरी होतो. मधला गर बोटाला चिकटेनासा झाला की झालं. दोरा गरातून न ओवता सालीच्या जवळून ओवा, नाहीतर फाटतो. दमट दिवसांत चकत्या लिबलिबीत होतात. पुन्हा १०० अंशांवर अर्धा तास ठेवल्या की कडक होतात.

खऱ्या सूचिपर्णी फांद्यांना सुगंध आणि भरगच्चपणा आहे, पण त्या सर्वात लवकर संपतात. कापल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवल्या तर थोडं आयुष्य वाढतं. १५ सेंटिमीटरच्या जुड्या करून, एकीचा देठ दुसरीच्या पानांखाली झाकत, दोरावर तारेनं बांधत जा. गरम खोलीत आठवडा-दहा दिवसांत सुया गळू लागतात. दाराबाहेर थंडीत त्याच फांद्या बऱ्याच जास्त टिकतात. हात लावताच सुया झडल्या तर फांदी उतरवा, वाळलेली फांदी भसकन पेटते. म्हणून जिथे फांद्या तिथे मेणबत्ती नको.

त्या जागी एलईडी माळ लावा. बाहेर टांगायची असेल तर आयपी४४ (पाण्याचे शिंतोडे सोसण्याचा दर्जा) किंवा त्याहून वरचा शिक्का बघा. आत छोट्या बाटलीत घालायच्या बारीक तारेच्या माळा बहुतेक बटण सेलवर चालतात. लहान मुलानं तो सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते, तेव्हा झाकणाला स्क्रू असलेलीच घ्या, किंवा पेन्सिल सेलवाली.