गेटपासचे पैसे भरायच्या आधी

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहती, नाहीतर जालन्याची स्टील कंपनी. नोकरीच्या नावानं लुबाडणाऱ्या फोनवरच्या माणसाला ही नावं तोंडपाठ असतात. बी.कॉम., बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या पोराला तो 'स्टोअरला जागा आहे' म्हणतो. पगार हातात अठरा हजार, कँटीन अन् बस कंपनीची. आकडा मुद्दामच बेताचा ठेवतात. पन्नास हजार म्हटलं तर कुणीही सावध होईल, अठरा खरा वाटतो. सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना १०,००० रुपयांवर काम करून मुदत संपलेल्या पदवीधराला तर जास्तच.

मुलाखत फोनवर, दहा मिनिटांत उरकते. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर, त्यावर लोगो अन् गोल शिक्का. मग नोंदणीचे पाच-सातशे मागतात, 'पहिल्या पगारात परत'. ही निव्वळ चाळणी असते. कोण भरतो तेवढं बघायचं असतं. जो भरतो त्याच्यामागे गेटपास, युनिफॉर्म, मेडिकल अशी चढती मागणी लागते. दर वेळी 'पाचच्या आत टाका, नाहीतर जागा दुसऱ्याला'. दोन-तीनदा पैसे गेल्यावर पोरगं थांबत नाही, कारण थांबलं की आधीचे बुडाले हे घरी सांगावं लागतं, अन् ते पैसे सोयाबीनचे असतात.

क्यूआर स्कॅन केला की पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. ते नीट वाचा. कंपनीची फी अन् नाव कुण्या मोबाईल शॉपीचं किंवा बाईमाणसाचं? 'ते आमच्या अकाउंटंटचं खातं' हे उत्तर ठरलेलं.

लेटरवरचा २१ अंक-अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडला म्हणून हुरळू नका. खऱ्या कंपनीचाच उचलून छापतात. कंपनी आहे एवढंच त्यातून कळतं, लेटर तिचं आहे हे नाही. तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन लावा. नाहीतर तिकडं कामाला असलेल्या गाववाल्याला गेटवर विचारायला सांगा. कोणता ठेकेदार माणसं भरतोय ते वॉचमनला बहुधा ठाऊक असतं.

याहून वाईट प्रकार पगाराच्या खात्याचा. इथं पैसे मागत नाहीत, उलट हजार-दोन हजार हातावर ठेवतात. खातं पोराच्या नावानं उघडायचं. एटीएम कार्ड, पासबुक अन् खात्याला जोडलेलं सिम 'ऑफिसला जमा' करायचं. मग त्या खात्यातून दुसऱ्या कुणाला लुबाडलेले पैसे फिरतात. खातं गोठतं, परराज्यातल्या पोलिसांची नोटीस येते, अन् सही पोराचीच असते. मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्यालाही असंच लांब ठेवा.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. बँकेची वेळ व्हायची वाट बघू नका, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखले तरच हाती लागण्याची आशा. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम समोर ठेवा. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरून पोच क्रमांक घ्या, अन् तो घेऊन पोलिस ठाण्यात जा. राग आला तरी चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट काढा. पुढं काही दिवसांनी 'सायबर सेलमधून बोलतोय, पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा' असा फोन येऊ शकतो. तोही भामटाच.