पीएचक्यू-९ की हॅड्स? वॉर्डात कोणता फॉर्म द्यायचा

पुण्यातल्या एखाद्या मध्यम हॉस्पिटलात नैराश्याची चाचपणी सुरू करायची ठरली, की पहिला वाद फॉर्मवरून होतो. पेशंटने स्वतः भरायच्या प्रश्नावल्या पुष्कळ आहेत, पण खरी निवड पीएचक्यू-९ (पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर) आणि हॅड्स (हॉस्पिटल अँक्झायटी अँड डिप्रेशन स्केल) या दोनांतच असते. मानसोपचारतज्ज्ञ बेक यांचा २१ प्रश्नांचा नैराश्याचा फॉर्म चांगला, पण विकतचा आणि सलाइन लावलेल्या माणसाला लांबलचक. तो मानसोपचार विभागाकडेच राहू द्या.

पीएचक्यू-९ फुकट आहे, मराठीत तयार मिळतो. मागच्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. १० किंवा वर गेली की पुढची तपासणी. सगळे गुण एकाच दिशेने चढतात, त्यामुळे रात्रपाळीच्या सिस्टरचीही बेरीज चुकत नाही.

घोळ होतो तो वॉर्डात. समजा, भोरचे एक काका बायपास होऊन पडलेत. झोप नाही, ३. थकवा, ३. भूक नाही, ३. पेपर वाचताना लक्ष लागत नाही, १. झाले १०! काका नातवाशी फोनवर खिदळतायत आणि केसपेपरवर नैराश्याची शंका. म्हणून बेरजेआधी पहिले दोन प्रश्न बघायचे: कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का. दोन्हीकडे शून्य असेल तर त्या १० चा धसका घेऊ नये.

नेमकी हीच अडचण ओळखून मानसोपचारतज्ज्ञ झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये हॅड्स बनवला, तोही हॉस्पिटलातल्या पेशंटसाठीच. १४ प्रश्न, सात चिंतेचे, सात नैराश्याचे; शारीरिक तक्रारी जवळजवळ वगळलेल्या. कोणत्याही एका बाजूला ८ किंवा वर शंका, ११ किंवा वर ती बळकट. ऑपरेशनच्या भीतीने गळाठलेला पेशंट यात वेगळा कळतो, हा मोठाच फायदा. पण परवाना लागतो, झेरॉक्स मारून वाटता येत नाही (वाटतात बरेच जण, ते सोडा). शिवाय काही प्रश्नांचे गुण उलटे मोजायचे असतात.

आणि हॅड्स आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारतच नाही. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न तोच. काहींना हॅड्स म्हणूनच सोयीचा वाटतो. मला ती पळवाट वाटते. नवव्याला १ जरी आला, तरी त्याच दिवशी कुणीतरी खुर्ची ओढून पेशंटशी बोललंच पाहिजे. डिस्चार्जच्या कागदावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहावा, पण तो बोलण्याऐवजी नव्हे.

'स्वतः भरायचा' या शब्दांवरही फार विसंबू नका. फॉर्म सूनबाई भरतात, मामंजी मान डोलावतात. नातेवाइकांना चहाला पाठवा. वाचता येत नसेल तर सिस्टरने वाचून दाखवावा, पण शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशा बेताने. नाहीतर सगळी उत्तरं शून्यच येतात. वयस्करांना हो-नाहीत उत्तरं द्यायचा १५ प्रश्नांचा जीडीएस (वृद्धांसाठीची नैराश्याची प्रश्नावली) सोपा जातो.

माझं मत: ओपीडीत फक्त पहिले दोन प्रश्न, ३ किंवा जास्त आले तर पूर्ण पीएचक्यू-९. वॉर्डातही तोच. हृदयरोग, कॅन्सर विभागात परवान्याचे पैसे असतील तर हॅड्स, आणि नववा प्रश्न तोंडी. शनिवार-रविवारी भरलेले फॉर्म बघायला कुणी नसेल, तर शुक्रवारी दुपारनंतर ते वाटू नका.