रेणूच्या चित्रावर नावं कुठे घालावीत: पायमॉल, इंकस्केप की डीटीपीवाला?

शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करणाऱ्याकडे प्रथिनाचं देखणं चित्र तयार असतं, पण त्यावर नावं घालण्याचं काम शेवटच्या रात्रीवर ढकललेलं असतं. आणि शोधनिबंध तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचं बोट नेमकं तिथेच पडतं.

उदाहरण प्रथिनं पचवणाऱ्या कायमोट्रिप्सिन या विकराचं घेऊ. हिस्टिडिन ५७, ॲस्पार्टेट १०२ आणि सेरीन १९५ या तीन अवशेषांवर (म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लांवर) तीन लेबलं हवीत, बस्स.

रेणूचं चित्र ज्यात काढलं त्या पायमॉलमध्येच लेबल घातलं तर नाव आणि क्रमांक थेट पीडीबीच्या (प्रथिनांच्या रचनांच्या जागतिक साठ्याच्या) फाईलमधून येतात. टाइप करताना १९५ चं १५९ होण्याची भीती नाही. निवड मात्र डोळ्यांत तेल घालून करावी लागते. पीडीबीतल्या ४सीएचए या नोंदीत कायमोट्रिप्सिनचे दोन रेणू आहेत. साखळी न सांगता अल्फा कार्बनवर (अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बन अणूवर) लेबल मागितलं, तर तीनाऐवजी सहा हजर होतात. अक्षरं अणूंमागे दडली तर 'फ्लोट लेबल्स' चालू करा. 'लेबल साइझ'ला ऋण आकडा दिला की आकार अँगस्ट्रॉममध्ये (अणूंच्या अंतरांच्या एककात) मोजला जातो आणि झूमबरोबर अक्षरही वाढतं.

पण पायमॉलमधून पीएनजी काढली की अक्षरांचे पिक्सेल झाले, आता त्यांना हात लावता येत नाही. 'नेचर'मध्ये एका स्तंभाची रुंदी ८९ मिलिमीटर, आणि अक्षर ५ ते ७ पॉइंटांचं लागतं. २,४०० पिक्सेल रुंद चित्रातलं २० पिक्सेलचं अक्षर त्या रुंदीत बसवलं की जेमतेम २ पॉइंटांचं उरतं. स्क्रीनवर ठसठशीत दिसणारं लेबल छापल्यावर मुंगीएवढं होतं ते यामुळेच.

इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये हा घोळ नाही. पानच ८९ मिलिमीटरचं घ्यायचं, बिनलेबलाचं चित्र त्यात ठेवायचं आणि वर ७ पॉइंटांत लिहायचं. अल्फा, बीटा, अँगस्ट्रॉमची खूण सगळं नीट येतं, गर्दीतल्या अणूपर्यंत बारीक रेघ ओढता येते आणि मजकूर शेवटपर्यंत बदलता येतो. शिवाय फुकट. दुखणं एकच: गाईडनी "जरा डावीकडे फिरवून बघा" म्हटलं की सगळी लेबलं हातानं सरकवा. म्हणून आधी कोन पक्का करा आणि पायमॉलच्या 'गेट व्ह्यू'नं मिळणारे त्या कोनाचे १८ आकडे जपून ठेवा. ते आणि चित्राची लांबी-रुंदी तीच ठेवली, तर रंग कितीही बदला, लेबलं जागची हलत नाहीत.

पायमॉलसारखाच काईमेराएक्स विनाव्यावसायिक वापराला मोफत आहे आणि अणूला चिकटलेली व स्क्रीनवर ठेवलेली अशी दोन्ही लेबलं देतो, पण पिक्सेलचं गणित तिथेही टळत नाही.

राहिला डीटीपीवाला. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर चाळीस चेहरे सुबक बसवणारे हात कोल्हापुरात कमी नाहीत, त्यामुळे मोह होतो. पण ५७ नंबरचा अवशेष कुठला हे त्याला कळायचं कारण नाही. छपाईच्या सवयीनं फाईल सीएमवायकेत (छपाईच्या शाईच्या रंगांत) जाते, बरीच जर्नलं आरजीबी (स्क्रीनचे रंग) मागतात. दुरुस्ती आली की पुन्हा दुकानाची पायरी. परिषदेचं पोस्टर छापायला जरूर जा. शोधनिबंधाच्या आकृतीसाठी नको.

माझं मत: दहाएक लेबलांपर्यंत इंकस्केपच. मात्र पायमॉलची लेबलवाली प्रत खालच्या थरात कुलूप लावून ठेवा, तिच्यावरून नावं ताडून घ्या आणि पाठवण्याआधी तो थर काढून टाका. पुरवणी माहितीत तेच अवशेष वीस चित्रांत दाखवायचे असतील, तर सरळ पायमॉलची स्क्रिप्ट लिहा. तिथे सुबकपणापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा.

अणूंमधली अंतरं लिहिताना एक दशांश पुरे. ४सीएचएचं रिझोल्यूशन, म्हणजे तपशील किती बारीक दिसतो ते माप, १.६८ अँगस्ट्रॉम आहे. अशा रचनेवर तीन दशांशांचा हायड्रोजन बंध लिहिलात, तर जाणकार रिव्ह्यूअर बाकीच्या आकड्यांकडेही संशयानं बघायला लागतो.