रेशनचा तांदूळ: भात कसा होतो, पुरतो किती आणि वाचलेले पैसे कुठं घालायचे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं रेशनच्या तांदळाचं नाव काढलं की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: भात गिच्च होतो, वास येतो, आत प्लॅस्टिकचे दाणे असतात. यातल्या पहिल्या दोन तक्रारींना घरात इलाज आहे आणि तिसरी खरी नाही. रोजचा भात, आंबोळी, पेज आणि भाकरीचं पीठ या चार कामांना हा तांदूळ चांगला आहे. मसालेभाताला आणि पुलावाला तो घेऊ नये, कितीही जपून शिजवला तरी दाणा सुटा राहत नाही.

आधी मिळतो किती ते. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो केंद्राचे, फुकट. अंत्योदय कार्डावर घरात माणसं कितीही असोत, ३५ किलो. कर्नाटक राज्याच्या अन्नभाग्य योजनेच्या वाढीव वाट्याचं रूप मात्र बदलत आलंय. जुलै २०२३ पासून तांदळाऐवजी माणशी १७० रुपये खात्यावर येत होते, फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा तांदूळ सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या जागी डाळ, तेल, साखर, मिठाचं किट द्यायचा निर्णय झाला. म्हणून महिन्याचा हिशेब माणशी ५ किलोवरच बांधावा. वरचं जे येईल ते जमेला धरावं.

दुकानावरचा फळा आणि पावती कन्नडमध्ये असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी निदान एवढे शब्द कानाला ओळखीचे करून ठेवावेत: अक्की म्हणजे तांदूळ, बेळे म्हणजे डाळ, एण्णे तेल, उप्पू मीठ, तूक म्हणजे वजन. अंगठ्याचा ठसा दिल्यावर पावतीवरचा किलोचा आकडा आणि काट्यावरचा आकडा एक आहे का ते तिथंच बघायचं. पिशवी काट्यावर ठेवायच्या आधी काटा शून्यावर हवा. घरी येऊन वजन कमी भरलं म्हणून परत गेलं तर काही सिद्ध करता येत नाही. शेतात, धुण्याभांड्यात राबणाऱ्या बायकांचा अंगठा मशीन घेत नाही, कारण रेषा झिजलेल्या असतात. बोट कोरडं पुसून दुसरं बोट लावून बघावं, किंवा कार्डावरच्या दुसऱ्या माणसाला पाठवावं.

आता भात गिच्च का होतो? अन्न महामंडळाच्या खरेदीच्या निकषात साध्या, म्हणजे न उकडलेल्या तांदळात शेकडा २५ पर्यंत कणी चालत आलीय. कणी लवकर शिजते, तिचा स्टार्च पाण्यात सुटतो आणि अख्खा दाणा शिजेपर्यंत तिची खळ झालेली असते. दोष शिजवणाऱ्याचा नाही आणि तांदूळ कुजका आहे असंही नाही. दोन वेगळ्या वेळेत शिजणाऱ्या वस्तू एका भांड्यात आहेत, एवढंच.

म्हणून तांदूळ आणला की त्याच दिवशी कणी वेगळी काढावी. अख्खा दाणा वर राहील आणि अर्धा खाली पडेल अशी चाळण घ्यायची, किंवा सुपात घोळवायचा. २५ किलोत चार-पाच किलो कणी सहज निघते. ती वाया जात नाही, खाली तिचा उपयोग दिलाय. चाळलेला तांदूळ दोनदा हलक्या हातानं धुवायचा आणि वीस मिनिटं भिजवायचा. कुकरमध्ये वाटीला दोन वाट्या पाणी, पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, पुढच्या दोन बारीक आचेवर. वाफ आपोआप जाऊ द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढली की मधला भात कच्चट राहतो आणि तळचा चिकट होतो. चाळायला वेळच नसेल तर पाणी पावणेदोन वाट्यांवर आणावं. प्रत्येक पोतं सारखं नसतं, म्हणून नव्या महिन्याच्या तांदळातला एक वाटी आधी शिजवून पाणी ठरवावं आणि मग रोज तेच माप चालवावं.

वास हा साठवणीचा असतो. ताटात पातळ पसरून सावलीत दोन-तीन तास वारा दिला की बराच जातो, उरलेला धुतल्यावर. कडक उन्हात वाळवू नये, दाण्याला चिरा पडतात आणि शिजताना कणी वाढते. वारा देऊनही बुरशीचा वास येत असेल, दाण्यावर हिरवट-काळे डाग असतील, तर तो तांदूळ खायचाच नाही. परत करायचा, आणि दुकानात उघडून बघितलेला असेल तर ते सोपं जातं.

प्लॅस्टिकच्या दाण्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या गैरसमजापायी कितीतरी घरांत बायका निवडताना नेमका कामाचा दाणा फेकून देतात. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा वेगळा मिसळलेला असतो. तो तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेला असतो. रंग थोडा दुधट किंवा पिवळसर, आकार जरा जास्तच एकसारखा, कधी धुताना पाण्यावर तरंगतो. किलोमागे लोहाचं ठरलेलं प्रमाण २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. तरंगला म्हणून ओतून देऊ नका, वेचून काढू नका. भरपूर पाण्यात शिजवून पाणी वेळून टाकलं की त्यातलं बरंच सत्त्व पाण्याबरोबर जातं. वेळायचाच असेल तर ती पेज आमटीत घालावी, किंवा मीठ घालून सकाळी प्यावी. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावं.

लोह अंगी लागायचं तर जेवणात लिंबाची फोड हवी आणि जेवणावर लगेच चहा नको. एक तास तरी मध्ये जाऊ द्यावा. आपल्याकडं जेवून उठलं की चहा ठेवायची सवय आहे, आणि एवढ्या एका गोष्टीनं ताटातलं निम्मं मोल वाया जातं असं वाटतं.

कणीची सगळ्यात चांगली गत आंबोळीत. कणी ३ वाट्या, उडीद डाळ १ वाटी, मेथी १ चमचा, मूठभर पोहे. डाळ-मेथी वेगळी आणि कणी वेगळी भिजवायची. कणीला दोन तास पुरे, जास्त भिजली तर वाटताना फार पाणी धरते. उन्हाळ्यात पीठ सात-आठ तासांत येतं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत चौदा-सोळा तास लागतात, तेव्हा डबा घोंगडीत गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवावा. पीठ आलं नाही म्हणून सोडा टाकायची घाई करू नये, आंबोळी तांबूस होते आणि तोंडात साबणासारखी लागते. या तांदळाची इडली मात्र करू नका. उकडा तांदूळ नसल्यानं ती दडस होते.

उरलेली कणी धुऊन सावलीत वाळवून दळून आणावी. या पिठाची भाकरी थंड पाण्यात मळली तर थापताना फाटते, कारण तांदळात चिकटपणा उकडीशिवाय येत नाही. वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ, उकळी आली की वाटीभर पीठ, झाकण ठेवून गॅस बंद, पाच मिनिटांनी गरम असतानाच मळायचं. जोंधळ्याच्या चार किलोंत एक किलो कणी घालून दळली तरी भाकरी छान थापली जाते.

आता पोटाचा हिशेब. पाच माणसांचं घर, महिन्याला २५ किलो, म्हणजे माणशी दिवसाला साधारण १६५ ग्रॅम कोरडा तांदूळ. त्यातून प्रथिनं मिळतात सुमारे १२ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम लागतात, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. म्हणजे भातानं भूक भागते आणि गरजेचा चौथा हिस्साच मिळतो. या तांदळाबद्दल आमची खरी तक्रार हीच आहे, पण ती तांदळाकडून अपेक्षा चुकीची ठेवल्यामुळं. राज्यानं २०२३ मध्ये तांदळाऐवजी पैसे देताना किलोला ३४ रुपये धरले होते. त्या भावानं २५ किलोचे ८५० रुपये होतात. हे ८५० घरातच राहतात, आणि ते बिस्किटपुड्यात, पापडात, फरसाणात गेले तर रेशनचा फायदा तिथंच संपला. ते कडधान्यात जायला हवेत.

महिन्याला किमान ६ किलो कडधान्य: २ किलो अख्खा मसूर, १ किलो हुलगे, १ किलो चवळी किंवा मटकी, १ किलो हरभरा डाळ, १ किलो तूर. सगळी तूर घेऊ नका, ती महाग पडते आणि रोज तीच आमटी झाली की पोरं ताट सारतात. शिवाय दीड किलो शेंगदाणे आणि १० किलो जोंधळा. मसूर शक्यतो आपल्याकडचाच घ्यावा. भाताचं पीक निघाल्यावर शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात जो मसूर होतो तो बारीक आणि चवदार असतो. सुगीत थेट शेतकऱ्याकडून पाच-सहा महिन्यांचा घेतला तर वाणसामानाच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतो. बाकीचं एकदम भरायचं तर रविवार पेठेत दोन-तीन घरांनी मिळून जावं.

इतकं करूनही प्रथिनांचा हिशेब माणशी दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपासच पोचतो. उरलेलं अंड्यानं, ताकानं किंवा किलोभर सोयाबीनच्या वड्यांनी भरावं. वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळल्या नाहीत तर उग्र लागतात, म्हणून बऱ्याच घरांतून त्या हद्दपार झाल्यात. सरकारी आणि अनुदानित शाळेत पोरांना दूध आणि अंडं मिळतं, अंडं न खाणाऱ्याला केळं. ते शाळेतच खाल्लं जातंय ना, एवढं विचारत राहावं.

गॅसही खर्चातच धरावा. चार तास भिजलेला मसूर भाताबरोबर एकाच कुकरात वरच्या डब्यात तीन शिट्ट्यांत शिजतो. पाच जणांना कोरडा वाटीभर पुरतो. हुलगे मात्र रात्रभर भिजवून वेगळे, सहा-सात शिट्ट्या, आणि त्यांचं पाणी सारासाठी ठेवायचं. पालेभाजी शनिवारच्या बाजारात संध्याकाळी उतरत्या भावात घ्यावी, पण दोन दिवसांपुरतीच. स्वस्त मिळाली म्हणून आठ जुड्या आणल्या तर चार सडतात. मेथी-शेपू आधी, तांबडा माठ नंतर संपवायचा.

तांदूळ विकून सोना मसुरी आणणारी घरंही आहेत. रेशनचा तांदूळ विकणं गुन्हा आहे, आणि व्यापारी मातीमोल भावानं घेतो. पांढऱ्याशुभ्र भातासाठी महिन्याची डाळ घालवण्यासारखं ते आहे.

पावसाळ्यात साठवण सांभाळावी लागते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूरच्या बाजूला हवा इतकी दमट असते की पोत्यातल्या तांदळात पंधरा दिवसांत सोंडे होतात. पोतं भिंतीला आणि जमिनीला टेकू नये, खाली फळी घालावी. पंधरा दिवसांचा तांदूळ पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून. ओला पाला घातला तर त्याचाच ओलावा लागून जाळी धरते. बोरिक पावडर लावू नये, दोनदा धुऊन ती पूर्ण जात नाही. ओल्या हातानं माप घालू नये. सोंडे झालेच तर तांदूळ सावलीत पसरून ठेवायचा, ते आपण होऊन चालते होतात. मग चाळून तो डबा आधी वापरायला काढायचा.