केस पेपरची रांग आणि ‘स्कॅन अँड शेअर’ : तीन भेटींचा अनुभव

आईच्या मधुमेहाच्या तपासणीसाठी मी तिला घेऊन गेल्या वर्षभरात तीनदा जिल्हा रुग्णालयात गेलो आणि तिन्ही वेळा केस पेपर ‘स्कॅन अँड शेअर’ या सेवेने काढला. आयुष्मान भारत डिजिटल मिशन या केंद्र सरकारच्या आरोग्य-नोंदी डिजिटल करणाऱ्या योजनेची ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरू झाली व पुढे देशभर पसरली. ओपीडीच्या दारापाशी लावलेला क्यूआर कोड मोबाइलवरील आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट, म्हणजे डिजिटल आरोग्य खाते) अ‍ॅपने स्कॅन करायचा, नाव, वय, पत्ता रुग्णालयाला पाठवण्यास संमती द्यायची आणि आलेला टोकन क्रमांक पुकारला की खिडकीवरून छापील केस पेपर घ्यायचा, एवढेच काम असते. पूर्वी या रांगेत आमचा तासभर सहज जात असे. या वेळी दहा मिनिटेही लागली नाहीत, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला तेवढा वेळ बाकावर बसता आले.

या सोयीला एका धोरणाचीही साथ मिळाली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार नि:शुल्क झाल्यामुळे खिडकीवर पैसे घेणे, पावती फाडणे, सुटे शोधणे थांबले. उरले ते माहिती उतरवून घेण्याचे काम, आणि नेमके तेच या कोडने हलके केले.

तपासणीच्या खोलीत मात्र काहीच बदललेले नाही. डॉक्टरांनी आईला मागचे रिपोर्ट विचारले, तेव्हा ते पिशवीतूनच काढून द्यावे लागले. चौदा अंकी आभा क्रमांकात आपली सगळी वैद्यकीय माहिती साठवलेली असते, असा अनेकांचा समज आहे, तो बरोबर नाही. नोंदी ज्या त्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेतच राहतात, आणि ती संस्था या यंत्रणेला जोडलेली असेल व तिने नोंद आभाशी जोडली असेल, तरच दुसऱ्या डॉक्टरांना ती रुग्णाच्या संमतीने पाहता येते. कोण, कशासाठी आणि किती काळासाठी माहिती मागत आहे हे रुग्णाला दाखवणारी व दिलेली संमती मागे घेऊ देणारी ही रचना मला मनापासून योग्य वाटते. म्हणूनच खिडकीवर जे पाहिले त्याचे वाईट वाटले. एकट्याने आलेल्या एका आजोबांकडून कर्मचाऱ्याने ओटीपी मागून घेतला, पण तो कशासाठी हवा आहे आणि आभा काढणे ऐच्छिक आहे, हे त्यांना सांगितले नाही. दोन वाक्ये बोलायला असा कितीसा वेळ लागला असता?

आईकडे साधा फोन आहे, त्यामुळे हे सगळे माझ्या मोबाइलवरून झाले. सोबत कोणी नसलेल्या वृद्धांसाठी कोडजवळ एक मदतनीस नेमायला हवा, आणि जुनी रांग बंद होता कामा नये.

नोंदणीपुरती ही सेवा मी नि:संकोच सुचवेन. आभा क्रमांक आधीच घरी काढून ठेवावा आणि नाव व जन्मतारीख नीट तपासावी, कारण तिथली चूक तशीच केस पेपरवर उतरते. रिपोर्टची पिशवी मात्र अजून सोबत न्यावी.