ओव्हरड्राइव्ह पेडल मॉड करून वाजवतोय, काही महिन्यांनंतरचा अनुभव

गिटार आणि अँप (अँप्लिफायर) यांच्यामध्ये जोडून आवाज फाडणारा डबा म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल. माझ्या पेडलमधले काही भाग मी बदलले, म्हणजे मॉड केले, आणि काही महिन्यांनी त्याचा फूटस्विच गेला. पेडल वॉरंटीत होतं म्हणून कंपनीच्या सर्व्हिसकडे पाठवलं, तर 'मागची प्लेट उघडली आहे, आतले भाग बदलले आहेत' एवढं सांगून त्यांनी ते होतं तसं परत पाठवलं. मी बदलले ते कपॅसिटर आणि डायोड. त्यांचा पायाने दाबायच्या स्विचशी काय संबंध, असं विचारलं तर उत्तर एकच, पॉलिसी. शेवटी नऊ पायांचा थ्रीपीडीटी स्विच आणून मीच बसवला. (एकेका पायावर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका. आतलं प्लास्टिक वितळतं आणि नवा स्विचही वाया जातो.) पेडल उघडलेलंच होतं, डोकंही तापलेलं होतं, म्हटलं आता लिहूनच काढू.

पेडल म्हणजे ट्यूब स्क्रीमर या गाजलेल्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या सर्किटवर बेतलेल्या असंख्य डब्यांपैकी एक. तक्रारही नेहमीचीच. ड्राइव्ह (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) वाढवला की वरच्या स्वरांत चरचर, जाड तारा बारीक वाजतात, आणि टोन कमी करावा तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. याला उपाय म्हणून दुसरं पेडल घेणं मला पटत नव्हतं. 'वॉर्म मॉड किट' नावाने जे विकतात त्यात चार-पाच सुटे भाग आणि एक छापील कागद असतो. भाग सुटे आणले तर फारच स्वस्त पडतात, आणि कागदाचे पैसे मी देत नाही.

पहिला बदल क्लिपिंगच्या, म्हणजे डायोड लाटेची टोकं कापून आवाज फाडतात त्या भागातला. तिथे ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरसोबत ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन (आवाजाची वाढ) उतरत जातो. बेस कापला जात नाही, त्याला गेन मिळत नाही, त्यामुळे तो डायोडपर्यंत पोचून फाटत नाही. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, म्हणजे जो भरदारपणा आपल्याला हवा तो बराचसा या रेषेच्या खालीच राहतो. ०.१ मायक्रोफॅरड लावला की रेषा ३४० च्या आसपास येते. सिंगल कॉइल (पातळ आवाजाच्या) पिकअपवर हा बदल पहिल्या कॉर्डलाच कळतो. लोभ धरून ०.२२ ही लावून पाहिला, पण नेक हंबकरवर (मानेजवळच्या, जाड आवाजाच्या पिकअपवर) नुसता चिखल झाला, कॉर्डमधले स्वर वेगळे ऐकूच येईनात. ०.१ वर थांबा.

दुसरा बदल माझा सगळ्यात लाडका होता. ड्राइव्हच्या पॉटला (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरला) समांतर ५१ पिकोफॅरडचा एक चिमुकला सिरॅमिक कपॅसिटर असतो. तो काढायचीही गरज नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूने त्याच दोन पॅडवर ४७ पिकोफॅरडचा दुसरा टेकवला की बेरीज शंभराच्या जवळ जाते. ड्राइव्ह पूर्ण असताना वरच्या कंपनांची उतरण साडेपाच किलोहर्ट्झऐवजी तीनच्या अलीकडे सुरू होते आणि ती किरकिर गोल होऊन जाते. इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडला नाही, असं मी भेटेल त्याला सांगत होतो.

ते आता अर्धंच खरं मानतो. घरी अँप हळू आणि पेडलचा ड्राइव्ह चढा, अशा वाजवण्यात हा कपॅसिटर कमाल करतो. बँडसोबत मात्र उलटं असतं. अँपच थोडा फाटत असतो, पेडलचा लेव्हल (बाहेर जाणाऱ्या आवाजाचा नॉब) वर आणि ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर. तेव्हा त्या कपॅसिटरसमोर फक्त ५१ किलोओहम उरतात आणि शंभर पिकोफॅरडची उतरण ३१ किलोहर्ट्झला जाते. ते ऐकायला वटवाघूळ आणावं लागेल! म्हणजे ड्राइव्ह खाली असेल तर हा मॉड केला काय आणि न केला काय, सारखंच. मॉडची शिफारस करणारा कुणी हे सांगत नाही, कारण सगळे खोलीत बसून ड्राइव्ह पूर्ण ठेवूनच नमुना वाजवतात.

तिथे उपाय म्हणून टोनच्या भागातला ०.२२ चा कपॅसिटर ०.३३ केला. एकटं वाजवताना सुरेख. ड्रम आणि बेस सुरू झाले की माझी गिटार गायब. सातशे हर्ट्झच्या जवळचा जो उंचवटा आपल्याला नाकात बोलल्यासारखा वाटतो, तोच बँडमध्ये गिटार पुढे आणतो. मुकाट ०.२२ परत लावला.

डायोड सॉकेटवर बसवले, ही शहाणपणाची गोष्ट, पुन्हापुन्हा सोल्डर काढलं की पॅड उखडतात. मूळचे सिलिकॉन साधारण ०.६ व्होल्टला कापतात, जर्मेनियम ०.३ च्या आसपास. जर्मेनियम लावल्यावर आवाज मऊ वाटला खरा, पण तो हळूही झाला होता. लेव्हल वाढवून दोन्ही सारखे केले तेव्हा मऊपणातला बराचसा भाग उतरला. शिवाय उष्णतेने त्यांचं वागणं बदलतं. आता एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन सिलिकॉन एकामागे एक, अशी विषम जोडणी ठेवली आहे. लाटेची दोन्ही टोकं सारखी कापली जात नाहीत, त्यामुळे सम हार्मोनिक (मूळ कंपनाच्या दुप्पट, चौपट अशी वरची कंपनं) येतात आणि दाबलेपणा थोडा कमी होतो. हीच जोडणी टिकली.

आवाज वाढवणाऱ्या चिपबद्दल: मूळची ४५५८ काढून टीएल०७२ ही दुसरी लावली, पाय तेच, सरळ बसते. डोळे मिटून मला फरक ओळखता आला नाही. जुन्या चिपसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्यांना शुभेच्छा.

आता टोनचा नॉब. यावर मी बाकी सगळ्या मॉडपेक्षा जास्त डोकं घातलंय, याची मला कल्पना आहे. मूळ सर्किटमध्ये तिथे खास वळणाचा २० किलोओहमचा पॉट असतो. स्वस्त डब्यांत काटकसर म्हणून सरळ, म्हणजे लिनिअर पॉट लावतात. परिणाम असा की बराचसा बदल दोन टोकांना गोळा होतो. माझ्या पेडलवर घड्याळाच्या दहापासून दोनपर्यंत नॉब फिरवला तरी जवळपास तोच आवाज, आणि साडेसात ते साडेआठ या एवढ्याशा पट्टीत कर्कशापासून अगदी दबलेल्यापर्यंत सगळं. हवी ती जागा त्या पट्टीत केसाएवढी. गिटारची केबल नॉबला घासली तरी टोन हलतो. रंगाने पांढरी खूण केली, चिकटपट्टी लावली, काही उपयोग नाही. 'आवाज गोधडीखालचा' ही माझी मूळ तक्रार निम्मी या पॉटचीच होती, असं आता वाटतं.

डब्ल्यू छापलेला, एस वळणाचा पॉट मिळवून लावला. टोकांना हळू आणि मध्ये वेगाने बदलणारा. आता नऊ ते अकरा या पट्टीत आरामात टोन निवडता येतो. कपॅसिटर बदलण्याआधी हेच केलं असतं तर कदाचित ०.३३ च्या फंदात पडलोच नसतो. अडचण एकच, नव्या पॉटचा दांडा दातेरी निघाला आणि जुना नॉब त्यावर सैल बसतो. दांड्याभोवती टेफ्लॉन टेपचा एक वेढा दिलाय. दिसत नाही, चालतंय.

वारंवार उघडल्याने मागच्या चारपैकी एका स्क्रूचे आटे गेलेत, अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. प्रयोग करताना प्लेट लावूच नका, शेवटी एकदाच लावा. आणि हे सगळं पेडलपुरतंच, तिथे नऊ व्होल्ट असतात. ट्यूब अँपमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात, त्यात हात घालू नका.

ज्यांच्या डब्यात एसएमडी बोर्ड आहे, तिळाएवढे भाग, त्यांनी सोल्डरिंगच्या भानगडीत न पडता गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणून आणि अँपचा प्रेझेन्स (वरच्या स्वरांचा नॉब) कमी करून आधी ऐकावं. हेडफोनवर थेट वाजवत असाल तर कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) लावा, गिटारचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं स्वतःच गिळतो, ते नसेल तर कुठलंही पेडल चरचरणारच. एवढं करूनही समाधान नसेल तर टोनचा पॉट बदला, मग ०.१ चा कपॅसिटर, मग डायोड, याच क्रमाने. जर्मेनियमची जोडी माझ्याकडे पडून आहे, कुणाला हवी असेल तर टपालखर्चात देतो.