सेन्येरा, निळी एस्तेलादा की लाल ताऱ्याची? कातालोनियाचा कोणता झेंडा कुठे चालतो

कातालोनिया म्हणजे स्पेनमधला बार्सिलोनाचा स्वायत्त प्रदेश. ऑनलाइन दुकानात 'कातालोनियाचा झेंडा' शोधला की एकसारखे दिसणारे निदान तीन झेंडे समोर येतात. त्यांतला अधिकृत एकच. बाकीचे दोन स्पेनपासून स्वतंत्र व्हायचं म्हणणाऱ्यांचे आहेत. चार लाल पट्टे तिन्हींवर आहेत, त्यामुळे पट्टे बघून काहीच कळत नाही. बघायचं ते दांड्याकडच्या बाजूला. तिथे काहीच नसेल तर ती सेन्येरा. निळ्या त्रिकोणात पांढरा तारा असेल तर निळी एस्तेलादा. पिवळ्यात लाल तारा असेल तर डाव्या स्वातंत्र्यवाद्यांची एस्तेलादा. बार्सिलोनाला शिकायला निघालेला विद्यार्थी असो, बार्साच्या, म्हणजे बार्सिलोना फुटबॉल क्लबच्या, सामन्याचं तिकीट काढलेला चाहता असो किंवा बातमीला चित्र शोधणारा उपसंपादक असो, घोटाळा होतो तो इथेच.

सेन्येरा

एकूण नऊ आडवे पट्टे, पाच पिवळे आणि चार लाल. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा पट्टा पिवळाच. कडेला लाल पट्टा आला की समजायचं, छापणाऱ्याने मोजताना चूक केली आहे. 2006 च्या स्वायत्तता कायद्याच्या आठव्या कलमात हा झेंडा आहे आणि कातालोनियातल्या सरकारी इमारतींवर तो असायलाच हवा, असं तिथे लिहिलंय.

जखमी सरदार केसाळ विल्फ्रेडच्या रक्तात फ्रँकांच्या राजाने चार बोटं बुडवून सोनेरी ढालीवर ओढली, ही गोष्ट पर्यटकांना हमखास ऐकवली जाते. ऐकायला झकास आहे, पण ती सोळाव्या शतकात लिहिली गेली. विल्फ्रेड वारला 897 मध्ये, आणि त्या काळी युरोपात ढालीवर घराण्याचं चिन्ह काढायची पद्धतच सुरू झाली नव्हती. पट्टे पुढे बार्सिलोनाच्या काउंटांच्या आणि आरागोनच्या राजघराण्याच्या चिन्हात आले. म्हणूनच शेजारच्या आरागोनच्या झेंड्यावर हेच पट्टे आहेत, वर त्यांचं राजचिन्ह. वालेन्सियाच्या झेंड्यावर दांड्याकडे निळा उभा पट्टा आहे, तर बालेआरिक बेटांच्या झेंड्यावर कोपऱ्यात जांभळ्या चौकटीत पांढरा किल्ला. यांतला कुठलाही एस्तेलादा नाही.

कुठलीही बाजू घ्यायची नसेल तर सेन्येरा घ्यावी. स्वातंत्र्यवादीही ती फडकवतात आणि स्पेनमध्येच राहायचं म्हणणारेही, फक्त हे दुसरे बहुतेकदा शेजारी स्पेनचा झेंडा धरतात. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत मात्र तिच्यावरही बंदी होती.

निळी एस्तेलादा

हिचा आराखडा विसेन्स आल्बेर्त बायेस्तेर (1872-1938) या कार्यकर्त्याच्या नावावर आहे आणि ती 1918 च्या सुमारास लोकांपुढे आली. कल्पना कुठून घेतली हे झेंड्यावरच दिसतं. 1898 मध्ये स्पेनच्या हातून क्युबा आणि पोर्तो रिको गेले. त्या दोन्हींच्या झेंड्यांवर पाच पट्टे, त्रिकोण आणि एक पांढरा तारा. क्युबाचा त्रिकोण लाल, पोर्तो रिकोचा निळा. स्पेनच्या ताब्यातून सुटलेल्यांची खूण बायेस्तेरने आपल्या पट्ट्यांवर आणून ठेवली. त्रिकोण म्हणजे आकाश आणि तारा म्हणजे स्वातंत्र्य, असा अर्थ सांगितला जातो. तो बरोबरच आहे, पण क्युबाकडे बोट दाखवणं ही यातली खरी राजकीय खोच. स्पेनच्या सत्तेला ती तेव्हाही बरोबर कळली असणार.

कातालान स्वातंत्र्यवादी नेता फ्रान्सेस्क मासिया याच्या पुढाकाराने 1928 मध्ये हवानात कातालान प्रजासत्ताकाची तात्पुरती घटना मंजूर झाली. निळा त्रिकोण आणि पांढरा तारा असलेला झेंडा तिच्यात राष्ट्रध्वज म्हणून आहे. ते प्रजासत्ताक प्रत्यक्षात आलं नाही, म्हणून हा झेंडाही आजवर अनधिकृतच राहिला.

2012 पासून 11 सप्टेंबरच्या मोर्च्यांत सगळ्यात जास्त दिसतो तो हाच. 1714 मध्ये याच तारखेला स्पेनच्या राजाच्या सैन्यापुढे बार्सिलोना पडलं. उजवे, मध्यममार्गी, डावे, कुठल्याच पक्षात नसलेले, सगळे हा झेंडा हातात घेतात. त्याचा अर्थ एवढाच की स्वतंत्र व्हायचं. पुढे राज्य कसं चालवायचं, यावर तो गप्प आहे.

लाल ताऱ्याची एस्तेलादा

1960 च्या दशकाच्या शेवटी पीएसएएन हा समाजवादी स्वातंत्र्यवादी पक्ष निघाला आणि त्याच्या वर्तुळातून हा झेंडा रूढ झाला. आज तो जास्त दिसतो तो सीयूपी या भांडवलशाहीविरोधी पक्षाच्या आसपास. यातला लाल तारा समाजवादाचा. कातालान बोलणारा सगळा मुलूख, म्हणजे वालेन्सिया, बालेआरिक बेटं आणि फ्रान्समधला पेर्पिन्याचा भागसुद्धा, एक मानावा, असा आग्रहही या मंडळींत जास्त दिसतो.

जवळून पाहिलं तर या झेंड्यात एक गंमत आहे. त्रिकोण पिवळा, आणि वरचा-खालचा पट्टाही पिवळा. त्यामुळे त्रिकोणाची तिरकी कड सलग दिसतच नाही. लाल पट्टे जिथे संपतात तेवढ्याच टोकांवरून ती जाणवते. लांबून मोबाइलवर काढलेल्या फोटोत हा झेंडा चटकन सेन्येरा वाटतो. बातमीचं चित्र निवडताना म्हणूनच मोठं करून बघावं.

हे दोन झेंडे एकमेकांचे वैरी नव्हेत. एकाच मोर्च्यात, कधी एकाच गॅलरीतही ते शेजारी दिसतात. पण लाल तारा लावला की स्वातंत्र्याबरोबर डावी विचारसरणीही आपली आहे, असंच बघणारा धरणार. नुसता पाठिंबा दाखवायचा असेल तर निळा पुरे.

कुठे चालतं, कुठे अडतं

खासगी गॅलरीत एस्तेलादा लावणं तिथे नेहमीचं आहे. भाड्याच्या घरात मात्र आधी घरमालकाला विचारलेलं बरं, कारण झेंडा लावला की घरानेच बाजू घेतल्यासारखं होतं. सरकारी इमारतीचं प्रकरण वेगळं. निवडणुकीच्या काळात सार्वजनिक इमारतींवर एस्तेलादा चालणार नाहीत, असं स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं. 2019 मध्ये निवडणूक मंडळाने एस्तेलादा आणि पिवळ्या फिती (तुरुंगातल्या स्वातंत्र्यवादी नेत्यांना पाठिंब्याची खूण) उतरवायला सांगितल्या, आणि आदेश न पाळल्याबद्दल कातालोनियाचे अध्यक्ष किम तोरा यांना पदावरून जावं लागलं. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दीड वर्षाची अपात्रता कायम केली.

मैदानावर सामना कोणाच्या नियमांखाली आहे ते बघा. 2015 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात चाहत्यांनी एस्तेलादा फडकवल्या म्हणून यूएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने बार्सिलोना क्लबला 30,000 युरो दंड केला होता. 2016 च्या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्याला माद्रिदमधल्या सरकारी प्रतिनिधीने त्यांवर बंदी घातली, पण सामन्याच्या दोन दिवस आधी न्यायालयाने ती उठवली. पुण्या-मुंबईत एकत्र जमून सामना बघणाऱ्यांना कोणी दंड करणार नाही. तरी क्लबच्या प्रेमासाठी सेन्येराच जास्त शोभते, क्लबच्या चिन्हातही पट्टे तिचेच आहेत.

विकत घेताना, शिवताना

एस्तेलादा हा अनधिकृत झेंडा असल्याने तिची कायद्याने ठरलेली मापं नाहीत. म्हणूनच दुकानागणिक त्रिकोण लहान-मोठा दिसतो. 150 × 100 सेंटिमीटरच्या झेंड्यात एक पट्टा 11.1 सेंटिमीटरचा येतो, शिवायला तो नकोसा. त्यापेक्षा 135 × 90 घ्या, म्हणजे नऊ पट्टे बरोबर 10 सेंटिमीटरचे. समभुज त्रिकोण धरला तर त्याचं टोक दांड्यापासून 78 सेंटिमीटरवर येतं आणि ताऱ्याचा मध्य 26 सेंटिमीटरवर. ताऱ्याची टोकं मध्यापासून साधारण 18 सेंटिमीटर ठेवली की चहूबाजूंनी निळं नीट दिसतं.

आतले सात पट्टे 12 सेंटिमीटर रुंद कापा, दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर शिलाईत जातो. कडेचे दोन पिवळे 13 कापा. त्यांची बाहेरची बाजू दुमडायची असते, आणि हे विसरलं की तयार झेंड्यात कडा बारीक दिसतात. लाल सुती कापड आधी वेगळं धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात पिवळ्यावर गुलाबी ओघळ येतात. त्रिकोणाच्या दोन तिरक्या कडा उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरप्या) येतात आणि ओढल्या की ताणतात, म्हणून मशीनवर घेण्याआधी कच्चा टाका घाला. निळं कापड पातळ असेल तर खालचे लाल पट्टे त्यातून दिसतात. त्रिकोण शिवून झाला की मागचे पट्टे शिलाईलगत कापून टाका. पांढरा तारा दुहेरी कापडाचा करा.

गॅलरीच्या कठड्यावरून उभा सोडायचा तर दांड्याची बाजू वर घ्या, त्रिकोण वर येईल. मात्र आडव्या झेंड्यासाठी छापलेला तारा अशा वेळी आडवा पडतो, त्याचं वरचं टोक उजवीकडे जातं. कायम उभाच लावणार असाल तर तारा त्या हिशोबाने फिरवूनच शिवा.